निजेची राखण

लहानपणी रुखमानं धान राखलं होतं. ब्रह्मपुरीच्या अंगाला, वैनगंगेच्या पाण्यावर जगणारं तिचं माहेर. लोंबी भरायला लागली की घराघरातली पोरं बांधावरच्या माळ्यावर चढत आणि दिवसभर पाखरांच्या नावानं ओरडत. रुखमाचा गळा त्या शिवारात नावाजलेला. तिनं 'हाऽऽ हो' म्हटलं की पोपटांचा थवा उठे तो थेट दुसऱ्याच्या धानात जाऊन बसे, आणि तिकडचा राखण्या तिच्या सात पिढ्या काढी.

आता ती नवऱ्याची नीज राखत होती. राखणच ती, पण उलटी. त्या राखणीत ओरडावं लागे. हिच्यात ओरडणाऱ्याचं तोंड धरावं लागे.

घुग्घुसच्या पुढे खाण कामगारांची वस्ती होती. एकाला एक चिकटलेल्या खोल्या, समोर नळ, मागे कोळशाच्या धुळीनं काळी झालेली बाभळीची रांग. त्या रांगेतल्या शेवटच्या खोलीत लटारू दिवसा झोपे. रात्रपाळीहून येई, नळावर अंगाची काळी धूळ काढी, भात खाई, आणि खिडकीला पोतं टांगून भिंतीकडे तोंड करी. बाहेरून कोळशाचे ट्रक घरघरत जात. त्या घरघरीनं त्याची झोप मोडत नसे. भांडं पडलं की मोडे. आणि कोणी हसलं की हटकून मोडे.

त्याचं कारण रुखमाला ठाऊक होतं. लटारू आणि डोमा एका गावचे, एका पेटीत दोघांचे कपडे घालून खाणीवर आलेले. डोमा मोठा नकल्या. साहेबाची चाल, मुकादमाचा खोकला, बायकांचं नळावरचं भांडण, सारं त्याच्या अंगात. खाली कोळशाचं छत लाकडाच्या थुन्यांवर, म्हणजे टेकूंवर, तोललेलं असतं. छत बसायच्या आधी थुनी करकरते, आणि खालच्या माणसाचा कान त्या करकरीवरच जगतो. त्या दिवशी डोमा मुकादमाची नक्कल करत होता आणि लटारू पोट धरून हसत होता. लटारू बाहेर आला. डोमा आत राहिला.

डोमाची माती झाली त्या दिवशी लटारू घरी येऊन एवढंच बोलला, "हासत होतो म्हून आयकू नाई आलं." त्यानंतर तो हसला नाही. रडला तर तेव्हाही नव्हता. अंधार पडला की त्याच्या छातीवर काही तरी येऊन बसे, म्हणून त्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतली. अंधारात काम करावं, उजेडात झोपावं.

रुखमाला त्यातून एकच उमगलं. न झोपता खाली गेलेल्या माणसाचा कान काम करत नाही. खाली लाकडाची थुनी, तशी वर झोपेची. ही थुनी आपल्या हाती आहे, ती आपण करकरू द्यायची नाही.

म्हणून तिनं बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळली. दाराच्या कोयंड्यात कापूस कोंबला. कोंबडा होता, तो कापून खाल्ला. जातं होतं, ते पोत्याखाली झाकलं आणि दळण चक्कीवर न्यायला लागली. जात्याबरोबर गाणंही पोत्याखाली गेलं. कधी तांदूळ निवडताना ओठ मिटून ती नाकातल्या नाकात गुणगुणे, तेवढंच.

*नीज धन्याची वो बाई, जसा पानावर थेंब,*
*हळू चाल माह्या लेकी, नको हालू देऊ लिंब.*

आणि लेक हळू चाले. सत्यशीला तिचं नाव, हाक मारायला शीला. डोमा गेला तेव्हा ती रांगत होती. आता पाचवं सरत आलं होतं. ती बोलायला शिकली त्याआधी गप्प बसायला शिकली. रडायला तोंड उघडलं की मायचा तळवा येऊन ओठांवर बसे, माय कानाशी म्हणे, "चूप, बाबा निजले." पुढे पुढे तळव्याचीही गरज उरली नाही. भुवई उचलली म्हणजे पाणी आण, बोट वाकवलं म्हणजे सरक, डोळे मिटले म्हणजे बाबा कूस बदलतायत, हालू नको. जर्मनचं ताट ही पोरगी जमिनीवर अशी ठेवी की जणू झाडाचं पान गळून पडलं.

वस्तीतल्या बायका म्हणत, "रुखमाबाई, काय शहाणी पोरगी हाये वो तुही! आमचे पोट्टे तर डोक्यावर मिरे वाटून राह्यले."

रुखमाला बरं वाटे. दिवसभर दमलेल्या बाईला कोणी आपल्या लेकराला शहाणं म्हटलं की पायाचा शीण उतरतो. तेवढं एक सुख तिनं जपून ठेवलं होतं.

ते सुख इंदुताईंनी काढून घेतलं.

इंदुताई बालवाडी चालवत. विहाराच्या पडवीत वीसपंचवीस लेकरं, एक फळा आणि खिचडीचं पातेलं. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपून पाऊस जरा मागे सरला होता तेव्हाची गोष्ट. रुखमा पोरीला न्यायला गेली तर इंदुताईंनी तिला पडवीच्या कोपऱ्यात बसवलं.

"रुखमाबाई, रागावू नका. शीला लेकरायचे तोंड दाबते."

"म्हंजे? मारते?"

"मारत नाई. मारत असती तर मी समजावलं असतं. कोणतं पोट्टं रडायले लागलं का ही जाते, जवळ बसते, केसाईवरून हात फिरवते आन् तोंडावर तळवा ठेवते. रडणं थांबेपर्यंत काढत नाई. परवा एका पोराचं नाकबी दाबलं गेलं. निळा पडला होता वो. मी पाहिलं म्हून बरं."



"मायेनं करते," इंदुताई म्हणाल्या. "तेच्यानंच मले भेव वाटते. आन् सोताचं काहीच सांगत नाई. त्या दिवशी पायरीवरून पडली. गुडघा फुटला, तर झग्यानं झाकून बसली. सुट्टी झाली, उठली, तवा मले रगत दिसलं. बाकीच्या माया म्हणतेत, ही पोरगी आमच्या लेकराजवळ बसवू नका. मी किती दिवस आयकून घेऊ? दिवाळीपर्यंत पाहतो. तिले रडता आलं पाह्यजे, नाईतर काही दिवस घरीच ठेवा."

"रडता येत नाई म्हून कोणी बालवाडीतून काढते का, ताई?" रुखमाला हसू आलं नाही, पण बोलणं तसं हसण्यासारखंच होतं. "रडणं काय कोणाले शिकवा लागते?"

इंदुताईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "मलेबी वाटे नाई लागत म्हून," त्या म्हणाल्या.

घरी येताना रुखमानं पोरीचं बोट घट्ट धरलं. बालवाडीतून काढली तर पुढे शाळा घेईल का? शाळेनं घेतली तर तिच्याजवळ बसणार कोण? आपण खोलीत चिंध्या गुंडाळून बसलो तशी ही जन्मभर बसेल, आणि लोक तिला शहाणी म्हणत राहतील. त्या शब्दाला आता वास यायला लागला होता, झाकून ठेवलेल्या कालच्या भातासारखा.

ती घरी न जाता बाभळीच्या रांगेपलीकडे, नाल्याच्या काठाला गेली. तिथे चिटपाखरू नव्हतं.

"शीला, इथी कोणी निजलं नाई. मोठ्यानं बोंबल."

पोरीनं मायकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. तोंड उघडलं. आत इवलीशी लाल जीभ दिसली, पण आवाज आला नाही.

"बोंबल ना वो बाई. अशी." आणि रुखमानं मान वर करून माळ्यावरची ती जुनी हाळी घातली. घालायला गेली. 'हा' निघाला तो फुटक्या मडक्यातून निघाल्यासारखा, आणि 'हो' निघालाच नाही. नाल्यातला बगळासुद्धा उठला नाही. दोन्ही पायांवर होता तो एकावर उभा राहिला, इतकंच.

शीलानं मायच्या लुगड्याच्या निऱ्यांना हळूच ओढलं. "माय, चूप," ती कुजबुजली. "इथी कोण निजले?"

रुखमा तिथेच दगडावर बसली. उठवेना. हा थकवा कामाचा नव्हता. काम तर ती धान बांधायच्या दिवसांत याच्या दुप्पट करत आली होती. उगवल्यापासून मावळेपर्यंत आवाज उचलून धरायचा, खाली पडू द्यायचा नाही, त्याचा तो थकवा. आपला गळा गेला हे तिला आज कळलं होतं.

त्याच आठवड्यात तिची माय आली. गिरजाबाई. डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात लाखोळीची डाळ, वाळलेली मोहफुलं आणि नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू. दोन मोटारी बदलून, चिखल तुडवत दुपारी दारात उभी राहिली.

त्यांच्या मुलखात मायलेकी भेटतात ती भेट साधी नसते. दारातच गळ्यात गळा घालून रडायचं असतं, सुरात, शब्दांत. पाहुणीनं आधी सूर धरायचा, घरच्या बाईनं झेलायचा. मधल्या काळात जे जे गेलं, माणूस, म्हैस, झाडावरचा आंबा, त्या साऱ्याची नावं घ्यायची. दुःख असलंच पाहिजे असं नाही. रडणं आटोपलं की नाक पुसून लगेच विचारायचं, "पाणी देऊ का?" जी रडत नाही तिला दगडाची म्हणतात.

गिरजाबाईनं गाठोडं खाली टाकलं, हात पसरले आणि सूर धरला.

*"कोण्या वाटंनं आली वो माय, नाई कळली चाहूल...*

*कोणाच्या दारी ठेवलं वो माय, चिखलाचं पाऊऽ..."*

रुखमाचा तळवा मायच्या तोंडावर जाऊन बसला. मनात काही यायच्या आधी हातच गेला. "चूप, ते निजले."

म्हातारीचे डोळे तळव्याच्या वर मोठे झाले. आणि रुखमाला दिसली दाराआड उभी असलेली शीला. पोरगी टक लावून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ओळख होती. हां, असंच करतात, आजीलाही असंच करतात.

रुखमाचा हात गळून खाली आला.

गिरजाबाई आत आली. स्वतःच माठातून पाणी घेऊन प्यायली. संध्याकाळी लटारू उठला, "मामी, कवा आले?" एवढं विचारून, डबा घेऊन पाळीला गेला, तेव्हा ती बोलली.

"बस्स. कवा आले, इतकंच? सासू हाओ का पोस्टमन?"

"त्यायचं बोलणं तसंच हाये, माय."

"आन् तुहं? मले भुतावानी घरात घेतलं तुनं. माणूस मेलं तरी रडतेत वो. मी तर जितीजागती आली. माही भेट राह्यली हाये तुह्याजवळ, ध्यानात ठेव."

"झोप लागते त्यायले, माय. खाली जा लागते."

"मी काय झोपू नको म्हणून राह्यली?"

मग दोन दिवस म्हातारी दिवसा कुजबुजू लागली. पण तिची कुजबूज म्हणजे कावळ्यानं घसा खाकरावा तशी. "रुखमे, मीठ कुठी हाये?" असं ती सुपाआडून विचारी आणि लटारू कूस बदले. शेवटी कंटाळून ती मोहफुलं घेऊन बाहेर बाभळीखाली जाऊन बसली. नात तिच्याजवळ बसे, लाडू खाई, पण चावताना आवाज होऊ देत नसे. गिरजाबाई ते पाही आणि आपला लाडू मुद्दाम कडाकडा फोडी. पोरगी दचकून खोलीकडे बघे.

तिसऱ्या दिवशी ढग उतरून आले होते, उकडत होतं. नळाला पाणी आलं म्हणून मायलेकी पाण्याचा गुंड आणि बादली घेऊन गेल्या. नळावर गर्दी. शीला घरात होती, लटारू झोपला होता. जाताना रुखमानं भुवईनं सांगितलं, शेगडीजवळ कोळसा काढून ठेव.

कोळसा कोपऱ्यात पोत्यात असे. पोत्याच्या घडीत विंचू होता.

रुखमा पाणी घेऊन आली, गुंड डोक्यावरून उतरवून दारात ठेवला, बिनआवाज. आत पाहिलं. लटारू भिंतीकडे तोंड करून घोरत होता. त्याच्या खाटेच्या पायाशी शीला बसली होती. झग्याचा काठ तोंडात कोंबलेला, दातांनी चावून चावून ओला झालेला. कपाळावरून घाम धारेनं गळत होता. उजवा हात तिनं मांडीवर असा ठेवला होता जसं ते दुसऱ्याचं लेकरू आहे आणि तिला सांभाळायला दिलं आहे. मायला पाहून तिनं झग्याचा काठ काढला.

"इच्चू," ती कुजबुजली. आणि काठ पुन्हा तोंडात घातला.

रुखमानं तोंड उघडलं. सारं अंग ओरडलं, पोट ओरडलं, हातापायाची बोटं ओरडली. गळ्यातून हवा निघाली, तेवढीच. ती पोरीजवळ पोचली, हात धरला, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवाच.

मागून गिरजाबाई आली होती. तिनं लेकीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि हातातली बादली सोडून दिली. चिंधी कडीला होती, बुडाला नव्हती. बादली दगडी उंबऱ्यावर आदळली, आणि तिच्यावर म्हातारीचा आवाज चढला.

"धावा वोऽऽ! लेकराले डसलंऽऽ! उठ गा लटारू, उठ! लेकराले डसलं तुह्या!"

माळ्यावरची हाळी होती ती. रुखमाला तिच्याकडूनच मिळाली होती. साऱ्या रांगेतली दारं उघडली.

लटारू झोपेतून उठला तो थेट उभाच. त्यानं पोरीला उचललं आणि उघड्या अंगानं, अनवाणी, सडकेकडे पळाला. पहिला ट्रक आला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर शिवी द्यायला बाहेर वाकला, लेकरू पाहिलं आणि दार उघडलं. मायलेकी कशाबशा चढल्या.

दवाखान्यातला डॉक्टर दिवसभराच्या रोग्यांनी पिळून निघालेला माणूस होता. पण पोरीचे हात गार लागले तसा तो झटकन उठला. सुई दिली, छातीला नळी लावली. "केव्हा चावला?" त्यानं विचारलं.

लटारूनं रुखमाकडे पाहिलं, रुखमानं पोरीकडे.

"अहो, किती वेळ झाला? लेकरू रडायला केव्हा लागलं?"

"रडलं नाई," गिरजाबाई म्हणाली.

"रडलं नाही? विंचू चावला आणि रडलं नाही?" त्यानं आईबापाकडे पाहिलं. मग त्यानंच वाकून पोरीला विचारलं, "बेटा, केव्हा चावला गं?"

शीलाची जीभ जड झाली होती. ती विचार करून म्हणाली, "बाबा घोरत होते तवा."

डॉक्टरनं नळी गळ्यात अडकवली. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवा, म्हणाला, घाम थांबला आणि हात ऊन झाले की न्या. पोरीला पडवीतल्या बाकावर निजवलं. डोकं लटारूच्या मांडीवर.

लटारू बसून होता. त्याची नजर झग्याच्या काठावर होती. काठावर दातांच्या खुणा होत्या, कापडाला भोकं पडली होती. त्यानं तो काठ दोन बोटांत धरला, सोडला, परत धरला. त्याच्या गळ्यातून कसला तरी आवाज आला. रुखमाला वाटलं तो खोकतोय. मग दुसरा आवाज आला, मग त्याचं अंग हलायला लागलं, आणि तो रडला. बायांसारखा सुरात नाही. बैल चिखलात रुतला म्हणजे हंबरतो तसा, तोंड उघडं टाकून, पुसायचं भान न ठेवता. दवाखान्यात आलेले लोक वळून पाहायला लागले. मध्येच त्यानं डोमाचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत ते नाव त्या तोंडातून रुखमानं पहिल्यांदा ऐकलं.

शीलानं डोळे उघडले. बापाचं तोंड तिच्यावर वाकलेलं, ओलं, वेडंवाकडं. असं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती घाबरली नाही. तिनं डावा, चांगला हात उचलला, त्याच्या गालावरून फिरवला, आणि तळवा त्याच्या ओठांवर ठेवला.

"चूप," ती म्हणाली. "बाबा निजले."

लटारूचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यानं तो तळवा हातात घेतला, ओठांवरून काढला, स्वतःच्या छातीवर दाबून धरला.

"बाबा उठले, बाई," तो म्हणाला. "पाह्य. बाबा उठले."

पोरगी त्याच्याकडे पाहत राहिली. खरं की खोटं ते तिला ठरवता येत नव्हतं.

घाम थांबायला, हात ऊन व्हायला दिवस कलला. परत येताना वस्तीत शेगड्या पेटल्या होत्या. लटारूनं पोरीला खाटेवर ठेवलं आणि तिच्याजवळ बसला. पाळीला जायची वेळ झाली होती, त्यानं डबा मागितला नाही. बायकोनंही भरला नाही. आजच्या झोपेवर त्याला खाली पाठवायचं नाही, एवढं तिला न बोलता कळत होतं.

गिरजाबाई उंबऱ्यातच थांबली.

"रुखमे, आता कोणी निजलं नाई. माही भेट दे."

"आता, माय? आज?" रुखमानं विचारलं.

"मंग कवा? मी मेल्यावर?" म्हातारीनं हात पसरले.

रुखमा तिच्या गळ्यात पडली. गिरजाबाईनं सूर धरला, आली त्या दुपारी अर्धा तोडलेला तोच, चिखलाच्या पावलाचा. रुखमानं झेलायला तोंड उघडलं. आधी फुटकं मडकंच वाजलं. मग काही तरी सरकलं, आणि तिचा जुना आवाज आला, खरखरीत, वाटेत दोनदा अडून पडत. तिनं डोमाचं नाव घेतलं. जात्याचं घेतलं. कापून खाल्लेल्या कोंबड्याचंसुद्धा घेतलं.

शीला खाटेवर बसून पाहत होती. मायकडे, आजीकडे, मग बापाच्या तोंडाकडे. सुजलेला हात तिनं जवळ ओढला.

"दुखून राह्यलं का?" लटारूनं विचारलं.

तिनं हो म्हणून मान हलवली. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि एक आवाज निघाला. मांजरीच्या पिलाएवढा. निघाल्याबरोबर तीच दचकली, थांबली, आणि बापाकडे पाहिलं.

"येऊ दे," लटारू म्हणाला.

ती रडली. नीट रडता येत नव्हतं तिला. श्वास कुठे घ्यायचा ते कळत नव्हतं, मध्येच उचकी लागत होती, मध्येच ती थांबून बापाचे डोळे उघडे आहेत का ते तपासून पुन्हा सुरू करत होती. रुखमाचा उजवा हात मायच्या पाठीवरून सुटला आणि हवेत उचलला गेला, पोरीच्या तोंडाच्या दिशेनं. रुखमानं तो पाहिला. दुसऱ्या हातानं धरला आणि मायच्या पदराखाली दाबून ठेवला. तिथेही तो जरा वेळ चुळबुळत राहिला.

इतक्या वर्षांत त्या खोलीतून आवाज आला नव्हता. बाया धावत आल्या, दाराशी थबकल्या.

"अवो, कोण गेलं वो, रुखमाबाई?"

"कोणी नाई गेलं," गिरजाबाई नाक पुसत म्हणाली. "भेट चालू हाये. बसा. पाणी देऊ का?"

बाया गोंधळून एकमेकींकडे पाहत बसल्या. शीला रडून रडून दमली आणि बापाच्या मांडीवरच झोपली, तोंड उघडं टाकून. आता ती घोरत होती, आणि लटारू जागा होता.

रुखमा उठली. उंबऱ्याशी बादली तशीच पडून होती, बुडाला पोचा आलेली. तिनं ती उचलली. कडीची चिंधी ओली होऊन सुटायला आली होती. सोमवारी इंदुताईंकडे जाऊन काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं. रडली, म्हणून सांगता येईल, पण दुसऱ्याच्या रडण्यावर तिचा तळवा जाणार नाही, असं कोण सांगेल? आपला तरी कुठे राहत होता? आणि उद्या लटारू पुन्हा पाळीला जाणार, परवा दिवसा झोपणार.

चिंधी काढून टाकावी असं तिला वाटलं. मग तिनं ती पिळली, आणि कडीला परत गुंडाळली. झोप तर माणसाला लागतेच.